हलकी बिअर पाणचट का लागते?

शिमगा सरला की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील डोंगरउतारांवर काजूच्या बोंडांचा गोड-आंबूस वास दरवळू लागतो. इब्रामपूरपासून लाटंबार्सेपर्यंत भट्ट्या पेटतात आणि पुढचे दोन-अडीच महिने गावागावांत यंदाचा हुर्राक कसा उतरला याचीच चर्चा चालते. कोणाच्या भट्टीचा वास चांगला, कोणाचा जळका, कोणी पाणी मिसळले, हे सांगणारे जाणकार प्रत्येक वाड्यावर सापडतात. बिअरच्या बाबतीत मात्र ही जाणकारी अचानक नाहीशी होते. बाटलीवर छापलेला टक्का पाहायचा आणि तो जितका चढा तितके पैसे वसूल झाले असे मानायचे, एवढेच आपले बिअरचे गणित. कमी मद्यार्काची बिअर कोणी पुढे केली तर 'हे पाणी कशाला' म्हणून ती बाजूला सारली जाते.

या तक्रारीत तथ्य आहे. सौम्य म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ बिअर खरोखरच पाणचट असतात. पण पाणचटपणाचे खापर कमी मद्यार्कावर फोडणे योग्य नाही. बिअर तोंडात भरीव लागते की पाण्यासारखी घसरून जाते (इंग्रजीत ज्याला 'बॉडी' म्हणतात तो गुण) हे बरेचसे यीस्टने मागे काय ठेवले यावर ठरते. मद्यार्क म्हणजे यीस्टने खाल्लेल्या साखरेचे फळ; भरीवपणा म्हणजे मुख्यतः त्याला न खाता आलेला भाग. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि बिअर करणाऱ्याला त्या बऱ्याच अंशी वेगवेगळ्या हाताळता येतात. हे हाताळणे कसे होते, तेच येथे पाहायचे आहे.

त्याआधी थोडा हिशेब. भारतात 'स्ट्राँग' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये मद्यार्क साधारण 5 ते 8 टक्के असतो. 8 टक्क्यांच्या 650 मिलिलिटरच्या एका बाटलीत 52 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क भरतो. काजू फेणी 42.8 टक्क्यांची धरली तर 60 मिलिलिटरच्या पेगात तो 26 मिलिलिटरच्याही आत राहतो. म्हणजे स्ट्राँग बिअरची एक बाटली ही फेणीच्या दोन मोठ्या पेगांएवढी झाली. 'मी फेणी घेत नाही, फक्त बिअर घेतो' असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे. तीच बाटली 2.8 टक्क्यांची असेल तर मद्यार्क सुमारे 18 मिलिलिटर. एप्रिलच्या उकाड्यात, जेवणाबरोबर, मित्रांशी गप्पा मारत दोन ग्लास घ्यायचे असतील तर हा फरक लहान नाही. अर्थात हलकी बिअर प्यायली म्हणून वाहन हाती घेण्याची मुभा मिळत नाही. रक्तात 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा सर्वांना सारखीच आहे.

'लाइट' या शब्दाचा घोळ

आता दोन प्रसिद्ध विदेशी बिअर शेजारी ठेवून पाहू. अमेरिकेची मिलर लाइट आणि आयर्लंडची गिनेस ड्राफ्ट. पहिली फिकट पिवळी आणि पाण्यासारखी पातळ. दुसरी काळी, साईसारख्या फेसाची, इतकी दाट वाटणारी की तिला 'जेवण' म्हणून चेष्टा केली जाते. दोहोंतील मद्यार्क मात्र 4.2 टक्केच. भरीवपणा मद्यार्कावर अवलंबून असता तर या दोन बिअर सारख्याच लागायला हव्या होत्या.

मिलर लाइट पातळ आहे ती मुद्दाम पातळ केल्यामुळे. 1967 मध्ये जोसेफ ओवेड्स या जीवरसायनतज्ज्ञाने न्यूयॉर्कच्या राइनगोल्ड कंपनीसाठी एक 'डाएट' बिअर तयार केली. यीस्टला पचू न शकणारी पिष्टाची उरलीसुरली साखळीही तोडून टाकणारे एक विकर त्याने वापरले. सगळे तुटले, सगळे यीस्टने खाल्ले, मागे काही उरले नाही. उष्मांक घटले आणि त्यांच्याबरोबर चवीचा भारही गेला. ती 'गॅब्लिंगर्स' बिअर चालली नाही, परंतु तिचीच युक्ती पुढे मिलर लाइटच्या रूपाने 1975 मध्ये अमेरिकाभर पोहोचली. तेव्हापासून 'लाइट' या शब्दाचा अर्थ 'कमी उष्मांकांची आणि म्हणून पातळ' असा रूढ झाला. आपल्याला हवी असलेली हलकी बिअर याच्या नेमकी उलट आहे: मद्यार्क कमी आणि मागे उरलेला ऐवज अधिक. एकाच शब्दात दोन विरुद्ध गोष्टी कोंबल्या गेल्यामुळे सगळीच हलकी बिअर बदनाम झाली.

काजूचा रस आणि नाचणीचे सत्त्व

गोमंतकीयाला हे समजणे खरे तर सोपे आहे, कारण त्याच्या परिसरात आंबवण्याच्या दोन्ही तऱ्हा आहेत.

काजूच्या बोंडांचा रस किंवा माडाची सूर घ्या. बोंडाच्या रसात मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, सुरीत मुख्यतः आपली नेहमीची साखर. या साध्या शर्करा यीस्टला अगदी आवडत्या. झाडावरून उतरवता उतरवताच सूर आंबू लागते. काजूचा रस दोन-तीन दिवसांत फसफसून शांत होतो. या रसांत यीस्टला न पचणारे असे फारसे काही नसतेच. त्यामुळे आंबणे पूर्ण झाले की मागे राहते ते कोरडे, आंबट, पातळ द्रव. गाळण्यासाठी ते उत्तम, कारण भट्टीला मद्यार्कच हवा असतो. पिण्यासाठी मात्र त्यात अंगच उरत नाही. साखर किंवा गूळ घालून केलेल्या घरगुती प्रयोगांची हीच गत होते. बिअरमध्ये 'जरा कडक व्हावी' म्हणून साखर ओतणाऱ्यांना मद्यार्क मिळतो, भरीवपणा मिळत नाही.

धान्याची गोष्ट निराळी. धान्यात साखर नव्हे, पिष्ट असते; शर्करेच्या कणांची लांबच लांब साखळी. यीस्टला ती तोडता येत नाही. ती तोडण्याचे काम धान्य स्वतःच करते, मोड आल्यावर. आपल्या घरांत बाळासाठी नाचणीचे सत्त्व करतात ते याच तत्त्वावर. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, सुकवायची, दळायची. अशा पिठाची पेज साध्या नाचणीच्या पेजेपेक्षा पातळ होते आणि किंचित गोडही लागते, हे प्रत्येक आजीला ठाऊक असते. मोड येताना तयार झालेली विकरे शिजताना पिष्टाच्या साखळ्या कापतात, म्हणून पेज पातळ होते. बिअरवाले बार्लीचे, म्हणजे जवाचे, नेमके हेच करतात आणि त्याला माल्ट म्हणतात. सिक्कीममध्ये तर नाचणीपासूनच एक सौम्य मद्य करतात, 'कोदोको जाँड' नावाचे. (तिथला 'कोदो' म्हणजे नाचणीच, आपला कोद्रा नव्हे.) बांबूच्या नळकांड्यात आंबवलेले दाणे भरून त्यावर गरम पाणी ओतत राहायचे आणि नळीने ते ओढायचे. हलके मद्य भरीव असू शकते, हे त्या डोंगरी लोकांना कोणा तज्ज्ञाने सांगावे लागले नाही.

भरीवपणाची गुरुकिल्ली या साखळ्या कापण्यात आहे. माल्टमध्ये कापणारे दोघे असतात. अबोलीची लांब माळ डोळ्यांसमोर आणा. एक जण माळेच्या टोकाशी बसून दोन-दोन फुले नेमाने तोडत जातो, हे बीटा-अमायलेज. त्याने तोडलेली फुलांची जोडी म्हणजे माल्टोज ही शर्करा, यीस्टचे मुख्य अन्न. दुसरा माळ कुठेही मध्येच तोडतो, हे अल्फा-अमायलेज. त्याच्या हातून लहान-मोठे, वेडेवाकडे तुकडे पडतात. त्यांतले मोठे तुकडे, डेक्स्ट्रिन, यीस्टच्या तोंडात मावत नाहीत. ते बिअरमध्ये तसेच राहतात.

या दोघांचा स्वभाव उष्णतेच्या बाबतीत वेगळा आहे. बीटा-अमायलेजला 60 ते 65 अंश सेल्सिअस मानवते; 70 च्या आसपास ते झपाट्याने निकामी होते. अल्फा-अमायलेज 68 ते 72 अंशांत जोमाने काम करते. म्हणजे कुटलेले माल्ट गरम पाण्यात भिजवताना पाणी 63 अंशांवर राखले तर जवळपास सगळे यीस्टच्या पोटात जाणार आणि बिअर कोरडी, कडक होणार. तेच 69 अंशांवर राखले तर बीटाला थोडाच वेळ मिळतो, अल्फा काम उरकतो आणि डेक्स्ट्रिन अधिक उरते. सहा अंशांचा खेळ. स्वयंपाकघरातील बाकी कुठल्याही कामाला एवढी काटेकोर उष्णता लागत नाही, म्हणून थर्मामीटरवाचून हे होत नाही.

याचा पडताळा घरी घेता येतो आणि त्यासाठी मद्य करावे लागत नाही. मोड आणून वाळवलेली बार्ली भरड दळून दोन पातेल्यांत घ्यावी. एक 62 अंशांवर, दुसरे 70 अंशांवर तासभर राखावे आणि गाळून चाखावे. पहिला काढा अधिक गोड लागेल, दुसरा कमी गोड परंतु जिभेवर किंचित जड. पिष्ट पुरते तुटले की नाही ते पाहायचे तर पांढऱ्या बशीत काढ्याचा थेंब घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा. निळा-काळा रंग आला तर पिष्ट शिल्लक आहे. (तो थेंब फेकून द्यावा.)

मात्र डेक्स्ट्रिन एकटे सगळा भार उचलत नाही. पुस्तकांत त्याला जरा जास्तच श्रेय दिले जाते. ओट आणि गहू यांतील प्रथिने व चिकट तंतू बिअरला मऊपणा देतात. मंद भाजून आतली साखर घट्ट केलेले 'क्रिस्टल' माल्ट न आंबणारा गोडवा देते. फेसाची बारकी वा मोठी बुडबुडी, वायूचे प्रमाण, कडवटपणाचा तोल, हेही जिभेला 'दाट' किंवा 'पातळ' असा निरोप देत असतात. गिनेसचा साईपणा बराचसा नायट्रोजनच्या बारीक बुडबुड्यांचा आहे.

युद्धाने शिकवलेले

हलकी पण भरीव बिअर ही आजची टूम नव्हे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने धान्य वाचवण्यासाठी आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगार शुद्धीत राहावेत म्हणून बिअरवर कर आणि निर्बंध लादले. आंबवण्याआधीच्या काढ्याचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याचे 1.000 धरून मोजलेली दाटी) 1914 मध्ये सरासरी 1.052 च्या आसपास होते; 1918 पर्यंत ते 1.030 च्या आसपास आले. बिअर जवळपास अर्ध्या ताकदीची झाली, आणि ती पिणारे होते दिवसभर राबून आलेले खाणकामगार व गिरणीकामगार. त्यांना पाणी चालणार नव्हते. तिकडच्या बिअरवाल्यांनी गडद माल्ट वापरून, कमी खादाड यीस्ट निवडून, वायू कमी ठेवून 3 टक्क्यांच्या 'माइल्ड'ला अंग मिळवून दिले. पुढे अर्धे शतक इंग्लंडच्या कामगारवस्त्यांत तीच चालली. बेल्जियममध्ये जेवणाच्या टेबलावरची त्याहूनही सौम्य बिअर घरोघरी असे. ब्रिटनने ऑगस्ट 2023 पासून 3.5 टक्क्यांखालील बिअरवर कमी दराने शुल्क आकारण्यास सुरुवात केल्यावर तिथले कारखानदार पुन्हा या जुन्या विद्येकडे वळले आहेत. कराच्या रचनेने लोकांची चव घडते, हे आपल्या धोरणकर्त्यांनीही लक्षात घ्यायला हरकत नाही.

कायद्याची बाजू

पुढील माप देण्याआधी हे स्पष्ट सांगणे भाग आहे. गोव्यात मद्यनिर्मिती 1964 च्या अबकारी शुल्क कायद्याखाली येते. काजूच्या भट्टीला परवाना लागतो तसा बिअरलाही लागतो, आणि 'घरच्यापुरतीच केली' हे उत्तर अबकारी अधिकाऱ्यापुढे चालेल असे कोणी गृहीत धरू नये. ज्यांना खरोखर करायची आहे त्यांनी आधी आपल्या तालुक्यातील अबकारी कार्यालयात विचारणा करावी. ब्रिटनमध्ये घरी बिअर करण्यासाठी 1963 पासून परवाना लागत नाही, त्यामुळे स्विंडनमध्ये वा लंडनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांना ही अडचण नाही. यीस्ट घालण्यापूर्वीपर्यंतचा खटाटोप म्हणजे केवळ माल्टचा काढा. तो मद्य नव्हे आणि शिकण्यासाठी तो पुरेसा आहे.

आपल्या परिसरात परवाना घेऊन हे करणारेही आहेत. 'माका दी' या बिअर डिचोली तालुक्यातील लाटंबार्से येथील कारखान्यात तयार होतात. कोकणीत मागून घेण्याचा हा सरळ शब्द बाटलीवर वाचून परप्रांतीय पर्यटक त्याचा अर्थ विचारतात, हीही एक गंमत.

दहा लिटरचे माप

दहा लिटर बिअरसाठी फिके बार्ली माल्ट 1 किलो 250 ग्रॅम, नाश्त्याला खातो ते सपाट ओट 250 ग्रॅम आणि मध्यम रंगाचे क्रिस्टल माल्ट 200 ग्रॅम. माल्ट भरड दळावे. टरफले चुरडून पीठ होता कामा नये. साडेचौदा लिटर पाणी वीस लिटरच्या पातेल्यात 71 अंशांपर्यंत तापवावे आणि मोठ्या सैल कापडी पिशवीत भरलेले धान्य त्यात सोडून ढवळावे. उष्णता 69 अंशांवर स्थिरावते. परदेशी पुस्तके इथे थोडे अधिक गरम पाणी सांगतात, कारण त्यांच्या खोलीत धान्य 18-20 अंशांवर असते. आपल्याकडे ते आधीच 30 अंशांवर असते. पातेले कांबळीत गुंडाळून तासभर ठेवावे. मग पिशवी उचलून निथळू द्यावी, पिळू नये, आणि वरून पाणी ओतून धान्य धुऊ नये. हलक्या बिअरमध्ये ही चूक सर्रास होते: साखर कमी असल्याने थोडी अधिक मिळवण्याच्या नादात लोक धान्य धूत बसतात, आणि शेवटच्या पाण्याबरोबर टरफलांतील तुरटपणा उतरतो. जड बिअरमध्ये तो लपतो, हलकीत उघडा पडतो.

पाण्याविषयी दोन शब्द. नळाच्या पाण्यातील क्लोरीन यीस्टशी संगनमत करून औषधी वास निर्माण करते, म्हणून पाणी आधी उकळून उघडे निववावे. जांभ्या दगडातील विहिरीचे पाणी बहुधा मृदू असते आणि या कामाला चांगले. डिचोलीच्या खाणपट्ट्यात मात्र ते तपासून घेतल्याशिवाय वापरू नये.

काढा तासभर खळखळून उकळावा. उकळी फुटताच हॉप्स घालावेत. ही कडवट फुले आपल्याकडे येत नाहीत, भारतात ती हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात घेतली जातात. त्यांतील अल्फा आम्ल 5 टक्के असेल तर 12 ग्रॅम पुरेत. नेहमीच्या बिअरएवढे हॉप्स इथे घातले की कडवटपणा उघडा-नागडा जाणवतो, कारण त्याला झाकायला गोडवा नसतो. उकळून साधारण साडेदहा लिटर उरते. तळाचा गाळ मागे ठेवून ते लवकर थंड करावे. हायड्रोमीटर 1.034 च्या आसपास दाखवील. भट्टीवाल्यांचा 'ग्राव' मोजणारा काटा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे यंत्र परके वाटणार नाही. तो मद्यार्काची ताकद सांगतो, हा साखरेची दाटी.

यीस्ट आणि आपला उकाडा

सगळ्यांत अवघड अडचण इथे येते. भरीवपणा राखायचा तर कमी खादाड यीस्ट हवे. 'विंडसर' नावाचे इंग्लिश यीस्ट माल्टोट्रायोज ही तीन कणांची शर्करा खातच नाही. त्यामुळे काढा 1.013 च्या आसपास येऊन थांबतो आणि मद्यार्क पावणेतीन टक्के भरतो. नेमके हवे ते. पण त्याला 18 ते 20 अंशांचा गारवा लागतो. 30 अंशांवर ते झपाट्याने काम करते आणि डोके धरायला लावणारे, नेलपॉलिशसारख्या वासाचे पदार्थ सोडते. उलट नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या जपलेले 'क्वाइक' यीस्ट 35 अंशांतही आनंदाने राहते, गोव्याच्या एप्रिललाही ते घाबरत नाही. मात्र ते अधिक खाते आणि बिअर अधिक कोरडी करते. क्वाइक वापरायचे तर धान्य 69 ऐवजी 71 अंशांवर भिजवावे आणि ओट थोडे वाढवावे, तरीही विंडसरची सर येत नाही, असे माझे मत.

म्हणून या बिअरचा मोसम हुर्राकाच्या उलटा धरावा. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत, रात्री गार असतात तेव्हा, घराच्या आतल्या खोलीत पाण्याच्या घंगाळात भांडे उभे करून, सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या त्यात बदलत राहिल्या तर 20 अंश साधतात. ओले फडके गुंडाळण्याचा उपाय थंडीत बरा. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की फडके वाळतच नाही आणि काही थंडही करत नाही.

आंबणे तीन-चार दिवसांत ओसरते, तरी आठवडाभर हात लावू नये. मग तीन दिवस रोज मोजावे. आकडा तिन्ही दिवस तोच असेल तरच बाटल्या भराव्यात. हा नियम सगळ्याच बिअरला लागू आहे, पण या बिअरला अधिक. आपण जे डेक्स्ट्रिन मुद्दाम मागे ठेवले, ते आपल्या यीस्टला खाता येत नसले तरी काही रानटी यीस्टना येते. काजूच्या मोसमात हवेत, फळांवर, हातांवर रानटी यीस्टचा सुकाळ असतो. असे एखादे बाटलीत शिरले की ते बंद झाकणाआड महिनाभर त्या शिदोरीवर जगते, वायू साठत जातो आणि काच फुटते. भरीव बिअर अस्वच्छ हातांनी केली तर ती कोरडी तर होतेच, धोकादायकही होते. उकळल्यानंतर काढ्याला लागणारे प्रत्येक भांडे, नळी, झाकण निर्जंतुक हवे. पहिल्या खेपेला सोडावॉटरच्या जाड प्लास्टिकच्या बाटल्या घ्याव्यात. बोटाने दाबून त्या किती ताठ झाल्या ते कळते आणि फुटल्या तरी कोणाचा डोळा जात नाही.

बाटलीत वायू धरण्यासाठी साखर घालावी ती लिटरमागे 5 ग्रॅम, दहा लिटरला 50 ग्रॅम, थोड्या पाण्यात उकळून. दुकानातील बिअर याहून पुष्कळ अधिक फसफसते. पण जादा वायू जिभेला टोचतो आणि भरीवपणा खाऊन टाकतो. वायू मंद असला की तीच बिअर मऊ लागते.

दहा-बारा दिवस खोलीत आणि मग फ्रिजमध्ये. मद्यार्क कमी, हॉप्स कमी, म्हणजे टिकण्याची शक्तीही कमी. दीड महिन्याच्या आत ती संपवावी. वाढताना बर्फासारखी थंड करू नये. 4 अंशांवर जीभ बधिर होते आणि कोणतीही बिअर पाणचटच लागते. फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटे बाहेर ठेवावी, काचेच्या रुंद पेल्यात ओतावी आणि पहिला घोट बांगड्याच्या तिखल्याबरोबर घ्यावा.